तन्वीच्या टिकल्या

भावोजींचा फोन आला तेव्हा पोदेर दारात उंडे, आमचे गोल पाव, देत होता. बायकोच्या हातात गरम उंडे, माझ्या कानाला फोन... "गेली," एवढंच ते म्हणाले. आणि मी पोदेराला म्हणालो, "उद्यापासून दोन कमी घाल रे." असं का म्हणालो, मला अजून कळलेलं नाही.

तन्वी माझी भाची, इब्रामपूरच्या बहिणीची मुलगी. तिथून कॉलेजच्या बसच्या वेळा जुळेनात, म्हणून साखळीला आमच्याकडे राहायची. गेल्या वर्षी ती डेटा व्हिज्युअलायझेशन शिकू लागली. हा शब्द मला आजही एका दमात म्हणता येत नाही. "आकडे डोळ्यांना दिसतील असे मांडायचे, मामा." मी म्हटलं, "मला चष्म्याशिवाय माणसं दिसत नाहीत, आकडे कुठले!"

घरातलीच माहिती घेऊन आलेख करायचा होता. तिनं मामीचं टिकल्यांचं पाकीट पळवलं आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चौकटी आखल्या. माणसाला एक ओळ, दिवसाला एक चौकट. सकाळी जितके उंडे खाल्ले तितक्या टिकल्या, काहीच खाल्लं नाही तर पेन्सिलीनं शून्य. आठवडाभरात ती माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी. "मामा, तुझी ओळ बारीक आणि पोट जाड. दोघांतलं खोटं कोण बोलतं?" चहात बुडवलेल्या तिसऱ्या उंड्याची टिकली मी मुकाट्यानं लावली.

एकदा मी वाळपईला लग्नाला गेलो, तेव्हा मामीनं माझ्या चौकटीत शून्य काढलं. तन्वीनं ते लगेच पुसलं म्हणे. "मामा कुठं तरी खातच असणार गे मामी! आपल्याला ठाऊक नाही, एवढंच. ठाऊक नसेल तिथं शून्य घालायचं नाही, रिकामं सोडायचं." (मी चांगलंच खाल्लं होतं, हे सांगायला नको.)

पावसाळा सरता सरता तिला ताप आला. हॉस्पिटलच्या खाटेवरही तिनं आपल्या प्लेटलेट्सचा आलेख मोबाईलवर मांडला. डॉक्टरांचं बोलणं आम्हाला अर्धंमुर्धं कळायचं. ती खाली उतरणारी रेघ मात्र पुरती कळायची. एकदा मी खाटेशी वाकलो. "मोबाईल उलटा धर गो, वर जाईल ती," मी म्हटलं. ती हसली... "मग मी पण उलटी दिसेन, मामा." एवढा मोठा मामा, आणि एवढाच उपाय.

आता काही आठवडे झाले. आमच्या दोघांच्या टिकल्या बायको अजून रोज लावते. तिसऱ्या ओळीशी आली की हात थांबतो. परवा तिनं विचारलं, "हिच्या चौकटीत काय घालू हो?"

मी पेन्सिल घेतली. शून्य काढायला हात वळेना. रिकामं सोडावं तर त्याचा अर्थ, आपल्याला ठाऊक नाही... आणि आम्हाला तर ठाऊक होतं.

पेन्सिल कपाटावर ठेवली. म्हटलं, "राहू दे रिकामं. खात असेल कुठं तरी."