आधी बांध, मग बंद कर

जुळारीकाकांनी छापखान्यात तीस वर्षं शिशाचे खिळे जुळवले आणि पुढची पंधरा वर्षं कॉम्प्युटरवर मजकूर. काम बदललं, तोंडातले शब्द तेच राहिले. खिळ्यांच्या काळात जुळवलेल्या पानाला भोवतीनं दोरा बांधल्याशिवाय ते जागचं हलवत नसत, नाहीतर सगळी अक्षरं जमिनीवर. म्हणून कॉम्प्युटरवर सेव्ह करण्यालाही काका ‘बांधणं’च म्हणत.

त्या दिवशी ऐंशी वर्षांच्या मास्तरांनी आपल्या पुस्तकाचा शेवटचा धडा सकाळपासून तोंडी सांगितला. काकांनी तो थेट कॉम्प्युटरवर जुळवला; कागदावर एक ओळ नव्हती. मास्तर घरी गेले आणि काकांची दाढ अशी ठणकली की ते तसेच उठून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे पळाले. भुलीचं इंजेक्शन घेऊन खुर्चीत पडले होते, तोच छापखान्यातल्या मशीनमनचा फोन आला.

“काका, जिन्याखालच्या मीटरमधून धूर येतोय. आपल्या खोलीत काही नाही, पण वायरमन पाच मिनिटांत मेन बंद करतोय. कॉम्प्युटरचं काय करू?”

धडा बांधलेला नव्हता, आणि यूपीएसची बॅटरी कधीचीच गेलेली.

“आधी बांध, मग बंद कर!”

थोडा वेळ नुसती खुडबुड ऐकू आली. मग, “काका, वेढे किती घेऊ? सुतळी कमी पडतेय.”

“अरे कॉम्प्युटरच्या डब्याला नाही, गाढवा! सेव्ह, सेव्ह!” पण एव्हाना बधिर झालेल्या ओठांतून बाहेर पडलं ते ‘फेफ, फेफ’.

“फेफरं? कुणाला आलं?” मशीनमन पुरता घाबरला.

बधिर तोंडांचं बोलणं डॉक्टरीणबाईंच्या सवयीचं होतं; त्यांनी फोन काढून घेतला. “यांना काही झालेलं नाही. कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात कंट्रोल आहे, तो दाबून धरा. धरलात? आता एस. झालं? आता पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून शट डाउन. डब्याचं बटण दाबू नका. दिवा विझेपर्यंत थांबा.”

“बाई, वायरमन ओरडतोय.”

“ओरडू दे. माझ्याकडे रोज ओरडतात.”

काका खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. दाढेचं त्यांना भानच नव्हतं.

“विझला!” फोनमधून आवाज आला. “आणि मेनपण गेला.”

दुपारी वीज आली. काकांनी छापखान्यात परतून फाइल उघडली. धडा शेवटच्या पूर्णविरामापर्यंत जागच्या जागी होता, आणि त्यापुढे नुसत्या मात्रांची रांग. कंट्रोल नीट धरला जाईपर्यंत मशीनमननं एस दाबून दाबून पाहिला होता, आणि काकांच्या मराठी कीबोर्डवर एसला मात्रा उमटते. काकांनी एकेक मात्रा खोडली आणि मास्तरांना फोन लावला.

“मास्तर, धडा आहे.”

“असणारच की. जाणार कुठे?”

“तेच म्हणतो मी,” काका म्हणाले आणि कितीतरी वेळानं खुर्चीला पाठ टेकून बसले.