पानवाडीतले हरिकाका

वसईकडच्या राजोडीचे हरिश्चंद्र चुरी जन्माने वाडवळ, म्हणजे बागायती करणाऱ्या समाजातले, पण वाडीशी त्यांचं कधी जमलं नाही. वडील पानवेलीतले दर्दी. पंचक्रोशीत कुणाचा मळा रोगाने बसला की लोक त्यांना बोलावून न्यायचे. पोराने आपली विद्या घ्यावी म्हणून ते त्याला उजाडायच्या आत उठवून बावखलावर न्यायचे. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. थंडीत त्या पाण्यात पाय घालायचे, घडे भरायचे आणि वेलीच्या बुंध्याशी रिते करायचे. ओल्या पानांचा वास नाकात बसायचा, मानेवर डास बसायचे, आणि शाळेत मास्तर विचारायचे, “चुरी, झोप झाली नाही का?”

दहावी झाली तशी हरिभाऊंनी आयटीआयची वाट धरली. टर्नर झाले आणि गोखिवऱ्यात व्हॉल्व बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात चिकटले ते पार म्हातारे होईपर्यंत. लेथच्या यंत्रावर धातूचा तुकडा चढवावा, हत्यार टेकवावं आणि चकाकता कीस वेटोळी घेत खाली पडताना बघावा, यात त्यांना जे सुख मिळालं ते पानवेलीने कधी दिलं नव्हतं. वडील शेवटपर्यंत कुरकुरत राहिले. ते गेल्यावर वाडी सांभाळली ती द्वारकाबाईंनी, हरिभाऊंच्या बायकोने. चाफा, केळी, थोडी पानं, जमेल तेवढं. हरिभाऊ रविवारीसुद्धा वाडीत फिरकत नसत.

निवृत्त झाले त्याच वर्षी प्रणव, त्यांचा मुलगा, मोठ्या हॉटेलातली नोकरी सोडून घरी आला. राजोडीचा किनारा तोवर ओळखू येईनासा झाला होता. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग सुरूच्या बनापर्यंत लागायची. वाळूत घोडे, उंट, भुर्जीपावच्या गाड्या, आणि रिसॉर्टांतून दुपारपासून ढणढण गाणी. प्रणव म्हणाला, “बाबा, इथे दारू पिऊन पोहायला येणाऱ्यांसाठी शंभर जागा आहेत. म्हाताऱ्या आईला नि लहान मुलांना घेऊन येणाऱ्याने जायचं कुठे?”

म्हणणं खोटं नव्हतं. घराला मागून जोड देऊन नेटक्या खोल्या काढल्या. सून अक्षयाने वेबसाइट केली, नाव ठेवलं ‘पानवाडी’, आणि खाली लिहिलं, बुटीक स्टे, फक्त कुटुंबांसाठी. स्वयंपाकघर द्वारकाबाईंकडे गेलं. जन्मभर घरच्या चार माणसांसाठी रांधलेली बाई पाहुण्यांच्या कौतुकाने अशी फुलली की हरिभाऊंना तिची नव्याने ओळख व्हावी. ती आता पाहुण्यांशी हिंदीतसुद्धा बोलायची आणि चुकली तर स्वतःच हसायची.

हरिभाऊंच्या वाट्याला काय आलं? एकदा एका छोट्या मुलीने विचारलं, “इथला शेतकरी कुठाय?” वाडीत काम करणारा गडी गावी गेला होता. प्रणवने समोर खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या वडिलांकडे बोट केलं. “हे काय. आमचे हरिकाका.”

पोरीचा हिरमोड नको म्हणून हरिभाऊ उठले आणि तिला वाडीतून फिरवून आणलं. दुसऱ्या शनिवारी पुन्हा तेच. महिन्याभरात अक्षयाने गुडघ्यापर्यंतचं धोतर, बंडी आणि डोक्याला बांधायला लाल रुमाल आणला. हरिभाऊंच्या वडिलांनी लाल रुमाल कधी बांधला नव्हता, पण फोटोत तो उठून दिसायचा. मग वेबसाइटवर त्यांचा फोटो लागला. ‘पिढ्यान्पिढ्या पानवेल जपणारे हरिकाका.’ लोक हॉटेल निवडताना खोल्या बघत आणि मग म्हणत, ते काका आहेत ना, तिकडेच जाऊ.

नाही म्हणायला जागाच राहिली नाही. प्रणवचा जम बसत होता, अक्षया राबत होती, द्वारकाबाई खुशीत होत्या. यातल्या कुणाच्या तोंडावर सांगायचं, की मला हा वेष अंगावर चढवताना गुदमरल्यासारखं होतं? ज्या वाडीपासून स्वतःला सोडवून घेतलं, तिने म्हातारपणी लेकाच्या हातून पुन्हा धरलं होतं.

कारखान्यातली जुनी मंडळी दर शनिवारी गोखिवऱ्याच्या नाक्यावर चहाला जमत. हरिभाऊंनी त्यांना गुडघा दुखतो असं सांगितलं होतं. दुखत काहीच नव्हतं. पण शनिवार सकाळ पाहुण्यांची, आणि खरं सांगावं तर मंडळींची जीभ तिखट.

अशाच एका शनिवारी तिशी-पस्तिशीची एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. नाव संजना, मुलगी खुशी, राहायला वसईच्या एव्हरशाईन सिटीत. घरचा मोठा कार्यक्रम होता आणि त्यासाठी ती किनाऱ्यावरची हॉटेलं बघत हिंडत होती. प्रणव-अक्षया वसईत सामान आणायला गेले होते. द्वारकाबाईंचे हात पिठात. खोल्या हरिभाऊंनीच दाखवल्या.

संजना चौकस होती. न्हाणीघरात धरायला दांडा आहे का बघितलं, खिडकी उघडून गाणी ऐकू येतात का कान देऊन ऐकलं, तळ्याला कुंपण आहे का विचारलं. मग ओट्यावर टेकली आणि दमून म्हणाली, “काका, सकाळपासून फिरतेय. एका ठिकाणी स्विमिंग पूलशेजारी बार. एका ठिकाणी खोल्या झकास, पण सगळे जिने. तुमच्याकडे जीव शांत झाला. माझ्या पप्पांना हेच आवडेल.”

“काय कार्यक्रम आहे?” हरिभाऊंनी विचारलं.

“पप्पांची सत्तरी. घरचे सगळे, शिवाय त्यांचे कंपनीतले मित्र. ते आल्याशिवाय पप्पा केक कापणार नाहीत. गोखिवऱ्याला व्हॉल्वच्या कारखान्यात होते ते. शत्रुघ्न पाटील.”

हरिभाऊंनी रुमाल कपाळावर आणखी खाली ओढला. शत्रुघ्न म्हणजे त्यांच्या शेजारच्या मशीनवरचा माणूस. डबा एक, सुट्टी एक. ही पोर फ्रॉकमध्ये कारखान्याच्या पूजेला यायची. तिने त्यांना ओळखलं नव्हतं. लाल रुमालाखाली कोण ओळखणार?

तोंडातून काय निघतंय हे कळायच्या आत ते बोलून गेले. “बाई, एक सांगू? एवढ्या माणसांना इथे अडचण होईल. पुढच्या वळणावर क्रिस्टीनाबाईंचा बंगला आहे. सगळं तळमजल्यावर, पुढे मोठं अंगण. बाई मायाळू आहे. तिथे बघा.”

संजना ओट्यावरून उठली. “स्वतःचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवणारे तुम्ही पहिलेच,” ती म्हणाली आणि मनापासून पाया पडली. त्या नमस्काराने हरिभाऊंना चटका बसला.

आठवडाभर ते सुटल्यासारखे वावरले. मग एका सकाळी क्रिस्टीनाबाई हातात केकचा डबा घेऊन दारात आल्या. प्रणव हिशेब करत बसला होता, अक्षया फोनवर होती.

“हरिभाऊ, तुमचे उपकार कसे फेडू?” त्या बसता बसता म्हणाल्या. “पाठवलंत ते माणूस लाखात एक. पन माझ्या चार खोल्या. म्हटलं, आपन वाटून घेऊ. म्हातारी मानसं माझ्याकडे निजतील, बाकीची तुमच्याकडे. जेवन द्वारकावहिनींच्या हातचं आनि पोरांना तुमची वाडी. संजनाला पन पटलं.”

प्रणवने मान वर केली. “बाबांनी पाठवलं? आपल्याकडे आलेल्या लोकांना?”

क्रिस्टीनाबाईंना वाटलं आपलं काही चुकलं. त्या केक ठेवून लगबगीने उठल्या. त्या गेल्यावर प्रणव वडिलांसमोर येऊन उभा राहिला. आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. “बाबा, पटत नसेल तर सांगा ना. असं मागून कशाला?”

आतून द्वारकाबाई पदराला हात पुसत आल्या. “अहो, आमची लाज वाटते का तुम्हाला?”

“तुमची नाही.”

“मग?”

“त्या माणसांसमोर मी लेथवर उभा राहिलोय, द्वारका. त्यांच्यासमोर हे धोतर नेसून पानं कशी खुडू?”

त्यांना वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, नका नेसू. पण प्रणवने केस मागे सारले आणि समजुतीने म्हणाला, “बाबा, त्या दिवशी दुसरेही पाहुणे आहेत. फोटो बघून आलेले. एवढा एक दिवस निभावून न्या. मग बघू.” सुनेने होकार दिला. द्वारकाबाई आत गेल्या आणि त्यांनी पीठ मळायला घेतलं. भांडण झालं असतं तर बरं, असं हरिभाऊंना वाटलं. भांडणातून निदान बाहेर पडता येतं.

सत्तरीचा दिवस आला. संजनाने वडिलांना सगळ्यांत शेवटी आणलं, जुन्या मित्रांसकट. हरिभाऊ वाडीत पोरांच्या घोळक्यात उभे होते, धोतर, बंडी, रुमाल, सगळ्यासकट. शत्रुघ्न पाटील काठी टेकत चाफ्याखालून आला आणि जागीच थांबला. मागची मंडळीही थांबली. खुशी आजोबांचा हात ओढत होती.

“हरी?” शत्रुघ्न म्हणाला. मग त्याने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “गुडघा बरा हाय ना तुजा?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पोरं वाट बघत होती, एक बाप मोबाइल उंच धरून शूटिंग घेत होता. पळायला वाट नव्हती. मागे तळं होतं, पुढे माणसं. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, खांद्यावर टाकला, आणि ज्या आवाजात दर शनिवारी पानवेलीची माहिती सांगत त्या आवाजात नव्हे, जरा कोरड्या आवाजात बोलायला लागले.

“पोरांनो, मी शेतकरी नाही. शेतकरी माझे वडील. मी या वाडीतून पळून गेलेला माणूस. हे पाणी दिसतं ना, यात मला पहाटे उतरवायचे. मी रडायचो. म्हणून मी लेथ शिकलो. हे आजोबा माझ्या शेजारच्या मशीनवर होते. यांना विचारा, मला पानवेल आणि मिरवेल यांतला फरक कळत होता का.”

“नव्हता,” शत्रुघ्न गंभीरपणे म्हणाला. “एकदा यानं साहेबाला विड्याची पानं म्हनून मिरीची पानं आनून दिली व्हती.”

हसण्याचा लोट उठला, आणि त्यात हरिभाऊही होते. मग मित्रांनी त्यांना घेरलं, पोरं लेथ म्हणजे काय ते विचारू लागली, कुणी मातीत काडीने मशीन काढून दाखवलं. जेवणाच्या पंगतीत शत्रुघ्नने त्यांना आपल्याशेजारी बसवून घेतलं आणि एवढंच म्हणाला, “आमाला सांगायचं व्हतंस रं. आमी काय परके?” त्या दुपारी कित्येक महिन्यांनी हरिभाऊंना पोट भरून जेवण गेलं.

पण त्या बापाने घेतलेलं शूटिंग त्याच्यापाशी राहिलं नाही. ते फिरत फिरत प्रणवच्या फोनवर आलं. खाली लोकांनी लिहिलं होतं, किती खरा माणूस, आम्हाला असंच हॉटेल हवं होतं. प्रणव नाचतच आला. “बाबा, सुटलात तुम्ही. आता खोटं काहीच सांगायचं नाही. तुमचीच गोष्ट सांगायची.” अक्षयाने वेबसाइटवर मजकूर बदलला. ‘वाडीतून लेथवर, लेथवरून वाडीत.’ पडवीत ठेवायला तिने भंगारवाल्याकडून एक जुना छोटा लेथ मिळवला आणि त्याला हिरवा रंग दिला.

आता दर शनिवारी हरिभाऊ खरं सांगतात. पळून गेलो म्हणतात तिथे लोक हळहळतात, मिरीच्या पानांपाशी हसतात. सुरुवातीला त्यांना ते आपोआप आठवायचं. मग कुठे थांबलं की हसू येतं ते कळायला लागलं. मग न ठरवता ते तिथे थांबायला लागले. वडिलांविषयी बोलताना तर कधीकधी त्यांना शंका येते. मी रडायचो हे खरंच, पण वडील एकदा मला खांद्यावर घेऊन पाण्यातून बाहेर आले होते, तेही घडलं होतं ना? गोष्टीत ते बसत नाही, म्हणून सांगणं राहून जातं. आणि न सांगितल्याने ते पुसट होत चाललंय.

“शनिवारची एक सुट्टी दे,” एकदा त्यांनी प्रणवला म्हटलं.

“सीझन संपू दे, बाबा.”

राजोडीला सीझन संपत नाही. उन्हाळ्यात मुलांच्या सुट्ट्या, पावसात लाटा बघणारे, थंडीत हुर्ड्याऐवजी पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, मागणारे.

शेवटी द्वारकाबाईच म्हणाल्या, “सोमवारी घर रिकामं असतं. जाऊन या गोखिवऱ्याला. मी सांगते प्रणवला.” आणि त्यांनी शत्रुघ्नला फोनही केला, तुमच्या मित्रासाठी सोमवारी या म्हणून.

हरिभाऊ शर्ट-पँट घालून, केसांना तेल लावून निघाले. नाक्यावर शत्रुघ्न आधीच येऊन बसला होता, आणि एकटा नव्हता. जावई होता, जावयाच्या ऑफिसातले दोघे होते. चहा आला. शत्रुघ्नने मित्राच्या पाठीवर हात ठेवला, अगदी प्रेमाने, आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाला, “हाच तो. हरी, ती तुजी गोष्ट सांग ना यांना. लेथची.”

ते दोघे खुर्च्या पुढे ओढून बसले. हरिभाऊंनी बशीतला चहा संपवला, तोंड पुसलं आणि सुरुवात केली, “मी शेतकरी नाही. शेतकरी माझे वडील...”