लाल नेलपॉलिशचा ठिपका

नांदुऱ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच एका मेकॅनिकचं पत्र्याचं गॅरेज आहे. मी त्याचं नाव विचारलं नाही, कारण तिथे पुन्हा जायचा विचारच नव्हता. माझी टर्बोची मोठी गाडी, पिकअप वाढावा म्हणून ट्यूनिंग करून घेतलेली, ओव्हरटेक करताना हिसके द्यायची. गिअरसुद्धा धक्का देऊन बदलायची. आधीच्या मेकॅनिकने गिअरबॉक्सच गेला म्हणून घाबरवलं होतं, त्यामुळे इथे माझी नजर सारखी याच्या हातांवर.

त्याने बोनेट उघडलं, टर्बोच्या पाइपावरून बोट फिरवलं आणि ते तेलकट बोट माझ्यापुढे धरलं.

"गिअरबॉक्स चांगला हाये. ट्यूनिंगनं प्रेशर वाढलं, अन् हा पाइप क्लिपातून सरकून राह्यला. हवा इथूनच निघते, म्हणून झटके."

इतकं सोपं असेल, हे मला पटेना. त्याने नवी क्लिप आवळली. मग खिशातून लाल नेलपॉलिशची बाटली काढून अर्धा स्क्रूवर, अर्धा पट्टीवर असा एक ठिपका दिला.

"हे माझ्या खात्रीसाठी का?" मी विचारलं.

"नाही हो भाऊ, माह्या. स्क्रू कोणी फिरवला का ठिपका तुटते. उद्या तुम्हीच घरी खोलसान, अन् नाव माहं घेसान."

गाडी आता मख्खन चालते. तरी परवा घरी मला राहवलं नाही. बोनेट उघडून मी त्या क्लिपला स्क्रूड्रायव्हर लावला. ठिपका जसाच्या तसा होता. मी हात मागे घेतला आणि आधी रस्त्याकडे पाहिलं, तो मेकॅनिक कुठून बघत तर नाही ना म्हणून.