उजेड किती पांगतो

काय पाहायचं, कधी पाहायचं आणि किती वेळा पाहायचं, हे ठरवण्यात आमच्या थोरल्या साडूंचा हात धरणारा माणूस अकोल्यापासून अमरावतीपर्यंत सापडायचा नाही. गिला वडा खायला नेलं, तर पहिला वडा खाऊन हे गप्प. "कसा आहे, भाऊ?" विचारावं, तर म्हणत, "एका घाण्यावरून मत देऊ नाई बाप्पा!" मग दुसरा घाणा निघेपर्यंत आम्ही ताटकळत उभे. साडी घ्यायची तर ती आधी दुकानातल्या दिव्याखाली, मग दारात आणि शेवटी थेट भर रस्त्यात उन्हात धरून बघत. दुकानदार घाबरून मागे धावायचा.

दोष त्यांचा नव्हता, नोकरीचा होता. काचेच्या केसाएवढ्या तारेतून फोन जाऊ लागले, तेव्हा त्या तारा तपासायचं काम यांच्याकडे आलं. तारेत उजेडाचा ठोका सोडला की तो वाटेत पांगतो. फार पांगला तर मागचा ठोका पुढच्यात मिसळतो आणि पलीकडे नुसता गोंधळ. किती पांगला ते यंत्र सांगतं. पण उजेडाचे कोणते रंग सोडायचे, किती बारीक अंतरानं मोजायचे आणि किती वेळा मोजून सरासरी काढायची, हे माणसानं ठरवायचं. तिथे साडू तासन्‌तास रमत. "घाईत मोजलं तं मापात खरखर येते, अन् लई बारीक मोजत बसलं तं तोवर उनानं केबलच तापते अन् माप बदलते," असं ते कौतुकानं सांगत. एक गोष्ट मात्र ठाम होती: "ज्या रंगावर लाईन चालनार, त्याच रंगावर मोजा. दुसऱ्यावर पास झाली तं कोनाच्या कामाची?"

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीनं हिवरखेडचा शेतीवाला मुलगा पसंत केला. कपाशीनं सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलेली ती वर्षं. शेती करणाऱ्याला मुलगी द्यायला कोणी धजत नव्हतं. "चपराशी चालन, पन शेतीवाला नोको!" म्हणून तिच्या आईनं, म्हणजे आमच्या ताईंनी, अबोला धरला. पोरीनं जेवण सोडलं. मुलाकडच्यांनी दिवाळीत बोलावलं, तर साडू गेलेच नाहीत. "दिवाळीत सारेच गोड बोलतेत," म्हणाले. आणि पुढे भर उन्हाळ्यात, न कळवता, एकटेच जाऊन दिवसभर बसून आले.

आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. पाणी पिऊन ते म्हणाले, "मोटार जळेल होती, कपाशी तं आधीच गेल होती. बाप डोक्याले हात लावून बसला होता. अन् पोट्टं मायले हासवून राह्यलं होतं." पेला खाली ठेवत म्हणाले, "पांगलं नाई ते." ताईंचा अबोला तिथेच सुटला. म्हणजे त्या भांडायला लागल्या, पण लग्न ठरलं.

वरात निघाली. जीप दिसेनाशी झाली, तरी साडू मांडवाच्या तोंडाशीच उभे. मी गमतीनं म्हटलं, "भाऊ, एवढी पारख करून पोरगी दिली, आता काहून रडता?"

"पोराले मोजलं बाप्पा," ते म्हणाले, "सोताले मोजाचं राहूनच गेलं." आणि मांडवाच्या खांबाला धरून ते हुंदके देऊन रडू लागले. मी त्यांना सावरायला गेलो होतो, पण मलाही आवरलं नाही.