एकाच खाचेची शर्यत

परंड्याच्या बसस्टँडवरून घरी येताना पाण्याच्या मोटारींचं रिवायंडिंग करणाऱ्या एका दुकानावरून जावं लागतं. काल तिथं नुकतीच नवी तार भरलेली मोटार वाळत ठेवली होती आणि व्हार्निशचा उग्र, गोडसर वास पार रस्त्यापर्यंत आला होता. दुकानदार माझा शाळेपासूनचा मित्र. मान खाली घालून तो तार गुंडाळत होता. मी भरभर पावलं उचलली. साठी ओलांडलेल्या माणसानं एका वासाला भिऊन पळावं, हे हसण्यासारखंच. मला मात्र हसू आलं नाही.

आमच्या माडीवर प्लायवूडवर केलेला खेळण्यातल्या गाड्यांचा ट्रॅक आहे. लाकडात शेजारी शेजारी दोन खाचा, प्रत्येक खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याची तार. गाडीच्या नाकाखालची खिळी खाचेत बसवायची आणि हातातल्या बटणानं करंट कमीजास्त करायचा. बोटभर गाड्या तेवढ्या विकतच्या. बाकी सगळं त्या मित्राच्या हातचं. वायंडिंगच्या तारेवरचा लाखेसारखा थर त्यानं ब्लेडनं खरवडून काढला होता, खिळा आणि सुतळी घेऊन वळणं आखली होती. आतली खाच त्याची, बाहेरची माझी. कितीतरी वर्षांच्या रविवारच्या दुपारी आम्ही तिथं घालवल्या. हरलो की मी हुज्जत घालायचो, तो मिशीत हसायचा.

मग भाच्यानं परदेशातून दोन मोठ्या गाड्या पाठवल्या. चांगल्या वीतभर लांब. मित्रानं त्या ट्रॅकवर ठेवून पाहिल्या आणि मान हलवली.

"वळणावर हिचं बूड बाहेर फेकतंय. शेजारच्या गाडीला ठोकरणारच. आतली खाच आणखी आत घ्याय लागंल. उन्हाळा सरू दे, मग करू दोघं मिळून."

उन्हाळ्यात त्याला मान वर करायला फुरसत नसते. विहिरींचं पाणी खाली जातं, व्होल्टेज पडतं आणि शिवारातल्या मोटारी धडाधड जळून त्याच्या दारात येतात. हे मला चांगलं ठाऊक होतं. पण भाचा सुट्टीत येणार होता आणि त्याच्यापुढं मला मिरवायचं होतं. त्या वयात एवढी हौस, आणि तीही इतकी हलकी. शेजारी खाचच नसली तर ठोकर कुणाला, असा हिशेब करून मी एका सुताराला बोलावलं, आतल्या खाचेतली तार उपटली, खाच पुट्टीनं बुजवली, वरून काळा रंग मारून घेतला. मोठी गाडी झोकात पळाली. भाच्यानं व्हिडिओ काढला, वाहवा केली. दोन दिवस राहून तो निघून गेला.

मोटारींची गर्दी ओसरल्यावर एका रविवारी मित्र आला. खिशात त्याची छोटी लाल गाडी, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. नव्या खाचेसाठी सगळी तार त्यानं आधीच खरवडून ठेवली होती. कधी वेळ काढला असेल, कोण जाणे. बुजवलेल्या जागेवरून त्यानं बोट फिरवलं.

"म्या कुठनं पळवू मग?"

"आळीपाळीनं पळवू की," मी म्हणालो.

"त्याला शर्यत म्हणत न्हाईत गड्या."

त्यानं चहा घेतला, सुनेची, नातवंडांची चौकशी केली. वेटोळं टेबलावर ठेवून म्हणाला, "असू दे. बाहेरची तार तुटली तर कामी यील." भांडला असता तर बरं झालं असतं, भांडणाला निदान उत्तर देता येतं. त्यानंतर तो माडीवर आला नाही. बाजारात भेटला तर पावसापाण्याचं बोलतो, कधी टाळत नाही. टाळतो तो मीच.

ट्रॅक अजून आहे. अधूनमधून मी मोठी गाडी सोडतो. ती सुरेख वळते, कुणाला ठोकरत नाही, कुणाला हरवत नाही. ती खाच पुन्हा कोरता येईल असं सुतार सांगतो, आणि येईलही. पण बुजवायच्या दिवशी दुकान चार पावलांवर होतं, आणि मी विचारायला गेलो असतो तर तो मोटार खाली ठेवून आला असता, आणि त्याच्यादेखत त्याची खाच बुजवायला मी धजलो नसतो. हे मला त्याही दिवशी माहीत होतं. म्हणूनच मी गेलो नाही.