पुराव्याचा चाकू मी दुरुस्त केला

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कळ दाबली. खट्! पातं असं झोकात बाहेर आलं, की सरकारी वकील दोन पावलं मागे सरकले. आणि आरोपीच्या पिंजऱ्यातून खुशीचा आवाज आला, "अरे बाप्पा! चालू झाला की जी!"

अख्ख्या कोर्टात दोघेच खूश होते. एक आरोपी, दुसरा मी. माझी खुशी मिनिटभरही टिकली नाही.

पन्नासच्या दशकात मी चांद्याच्या कोर्टात मुद्देमाल कारकून होतो. पुरावा म्हणून जप्त झालेली वस्तू म्हणजे मुद्देमाल. निकालापर्यंत ती सांभाळायची, एवढंच माझं काम. कुऱ्हाडी, कंदील, सायकली, सगळं यायचं. माझा जीव मात्र खटक्याच्या चाकूंवर. कळ दाबली की मुठीतलं पातं आपोआप उघडतं, तो खटक्याचा चाकू. घरी माझ्या संग्रहात असे नऊ होते. सांबरशिंगाच्या मुठीचे, पितळी मुठीचे, एक अस्सल रामपुरी. बायको म्हणायची, "नऊ चाकू घरात, अन् भाजी मी विळीवरच चिरून राह्यली!"

अडकलेला खटका मला बघवत नाही. हा चाकू आला तेव्हा मुठीत वाळू होती आणि आतली कमान, म्हणजे पात्याला ढकलणारी स्प्रिंग, मोडली होती. मी दुपारच्या सुट्टीत जुन्या गजराच्या घड्याळाची पट्टी कापून नवी कमान बसवली. वर तेल दिलं. पोलिसांच्या पंचनाम्यात 'हाडाच्या मुठीचा खटक्याचा चाकू, नग एक' एवढंच होतं. खटला कशाचा, हे मी वाचलंच नव्हतं. मला चाकूत रस, भांडणात नाही.

ते आता कोर्टात कळत होतं. आरोपी डोमाजी हा मार्कंड्याजवळचा ढिवर, वैनगंगेत मासे धरणारा. डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, एका हातात जाळ्याची दोरी असते, म्हणून चाकू एका हातानं उघडणारा हवा. मार्कंड्याच्या जत्रेत एका मिठाईवाल्याशी त्याची बाचाबाची झाली. "याने खटकन् चाकू उघडून माझ्या तोंडापुढे धरला," अशी मिठाईवाल्याची तक्रार होती.

"साहेब, मी तं तो धारवाल्याकडं दुरुस्तीले नेऊन राह्यलो होतो," डोमाजी म्हणाला. "वर्ष झालं, उघडतच नाई."

"मग आत्ता कसा उघडला?"

"तेच तं मले समजून नाई राह्यलं. पन लय बेस झालं जी!"

त्याच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. मी मात्र गारठलो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! हा भला माणूस आता तुरुंगात जाणार होता, आणि ते माझ्या हाताच्या खाजेमुळे. नोकरी जाईल, हेही दिसत होतं. तरी उभा राहिलो.

"साहेब, कमान मी बसवली."

"कोणत्या अधिकारानं?"

"अधिकार नाही साहेब. सवय."

"आणि आधी मोडकी होती, हे कशावरून?"

माझ्या टेबलाच्या खणात पेपरमिंटचा एक डबा होता. त्यात मोडक्या कमानींच्या पुड्या. प्रत्येक पुडीवर खटल्याचा नंबर. संग्रह करणाऱ्याची खोडच ती, मोडकंही टाकवत नाही. डबा आणून डोमाजीची पुडी उघडली. गंजलेले दोन तुकडे, वैनगंगेच्या वाळूसकट.

साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्याकडून नवी कमान काढवली आणि जुने तुकडे बसवायला लावले. तुकड्याला तुकडा बरोबर जुळला. मग चाकू मिठाईवाल्याच्या हाती दिला. "उघडा खटकन्."

तो दाबतो आहे, ओढतो आहे, लालबुंद झाला आहे. पातं हलेना. शेवटी म्हणाला, "उघडा नाई पाह्यला साहेब. मूठ पाह्यली अन् भेव लागलं."

डोमाजी सुटला. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. साहेबांनी हुकूम लिहिला, चाकू जप्तीच्या वेळच्या स्थितीत परत करावा. डोमाजीचा चेहरा उतरला.

"म्हंजे मोडकाच देता का जी?"

"हुकूम आहे," मी म्हणालो. मोडका चाकू दिला, रजिस्टरवर त्याचा अंगठा घेतला. अंगठा उठला तसा तो मुद्देमाल राहिला नाही, डोमाजीचा चाकू झाला. मग आम्ही दोघं बाहेर कडुलिंबाखाली गेलो. खिशातून पेचकस काढला, गजराची पट्टी काढली.

खट्!

व्हरांड्यातून जाणारे साहेब क्षणभर थांबले. मागे वळले मात्र नाहीत.

दुसऱ्या दिवशी मेमो मिळालाच. तेव्हापासून नव्या कारकुनांना मी एवढंच सांगत आलो, पुराव्याला तेल घालू नये. आणि घातलंच, तर मोडका तुकडा जपून ठेवावा.