फोटो कोण काढणार

जयंतीचा ग्रुप फोटो काढायला आमच्याकडे कधी कुणी तयार नसे. जो काढणार तो फोटोत नसणार, म्हणून दरवर्षी ढकलाढकली. यंदा मात्र इथे अमेरिकेत, चँडलरच्या पार्कात चढाओढ लागली. "थांबा, मी काढतो ना!" दोघंतिघं एकदमच म्हणाले.

त्याआधी जेवताना चीनचा विषय निघाला होता. पुण्याहून मुलाकडे आलेल्या काकांनी ऐकलं होतं, की तिकडे सरकार माणसांना वागणुकीचे मार्क देतं. "वाईट काय त्यात? सरळ वागणाऱ्यानं कशाला भ्यायचं?" असं म्हणत त्यांनी आणखी एक वडा घेतला. त्यांचा मुलगा आमच्याकडे बघून हसला. "इथे असलं काही चालणार नाही यार, लोक कोर्टात जातील." मला काही हसू आलं नाही. याच गड्यानं नुकतंच आपलं अख्खं फेसबुक धुऊन काढलं होतं. त्याच्या बायकोनंच सांगितलं होतं मला.

आता व्हिसाच्या मुलाखतीआधी सोशल मीडियाची खाती कुणालाही दिसतील अशी खुली ठेवावी लागतात. इथे राहायची परवानगी चालू असली, तरी आमच्यातल्या बहुतेकांच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला. म्हणजे भारतात गेलं की मुलाखतीत पास झाल्याशिवाय परत येणं नाही. माझंही तेच. नागपुरात आईचं हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं, त्यामुळे जायचं होतंच. आणि नवरा, शाळेतली मुलगी, नोकरी इथे, त्यामुळे परतायचंही होतंच.

ते व्हिसावाले नेमकं काय बघतात, हे कुणालाच ठाऊक नाही. नियम लिहून दिला असता तर पाळला असता. इथे प्रत्येक जण अंदाजानं स्वतःचेच मार्क कापत बसलाय. गेल्या आठवड्यात घरी मी माझं खातं उघडलं, तेव्हा नवरा शेजारी बसून सांगत होता, "हे भाषण डिलीट कर. हा मोर्चापण. रिस्क कशाला घ्यायची?" मी एकेक काढत गेले आणि मनातल्या मनात त्यालाच शिव्या घालत राहिले.

संशय तेवढ्यावर थांबत नाही. पार्कात एका जुन्या मैत्रिणीनं विचारलं, "तू अजून नागपूरच्या त्या मोर्चावाल्या ग्रुपमध्ये आहेस का गं?" काळजीनं विचारलं की माहिती काढली? तिनं माझ्या बाळंतपणात महिनाभर डबे पोचवले होते. तरी मी म्हटलं, "कुठला ग्रुप?"

शेवटी सिटिझन झालेले आणि लहान पोरं एवढेच फोटोला उभे राहिले. बाकी आम्ही सगळे त्यांच्यासमोर फोन धरून, लग्नातल्या फोटोग्राफरसारखे.

दुसऱ्या दिवशी आईला व्हिडिओ कॉल केला. ती नेहमीच्या खुर्चीत बसली होती, पण मागची भिंत वेगळीच दिसत होती. ज्यांना ती जन्मभर बाप म्हणत आली, त्यांचा कोट-टायमधला, हातात पुस्तक असलेला मोठा फोटो तिथे असायचा. आता नुसता खिळा होता.

"आई, फोटो कुठाय?"

"आत ठेवलाय. नव्या साडीत गुंडाळून. तुझी मुलाखत होऊ दे."

"तुला कुणी सांगितलं असलं करायला?"

"सांगायला कशाला पाहिजे? तू काय काय काढलंस, ते जावई बोलले. म्हटलं, आपण बोलतो तेव्हा मागे तो दिसतो."

मला संताप आला. नवऱ्याचा, त्या न दिसणाऱ्या व्हिसावाल्या साहेबांचा, माझासुद्धा. माझे वडील गेले त्या दिवशीही तो फोटो भिंतीवरून हलला नव्हता.

"आई, आत्ताच्या आत्ता तो परत लाव."

"आधी तू परत आपल्या पोरीजवळ पोच. मग लावते." मग ती फोनच्या अगदी जवळ आली. "आपल्या बापाला कळतं गं," ती म्हणाली, आणि तेही आवाज खाली करून.